पावसातला नत्र : एका आकड्याची दीडशे वर्षे

वळिवाच्या पहिल्या सरीनंतर पीक एका रात्रीत हिरवे दिसू लागते. विहिरीचे पाणी कितीही पाजले तरी तशी हिरवाई येत नाही, असे आपल्याकडचे शेतकरी सांगतात. विज्ञानाचे शिक्षक यामागे विजेचे कारण देतात. वीज चमकली की हवेतला नत्र प्राणवायूशी संयोग पावतो आणि पावसाबरोबर जमिनीत उतरतो. हे कारण खरे आहे. पण शिकवताना त्यातला एक प्रश्न नेहमी मागे राहतो : किती?

मी व्यवसायाने जमाखर्च लिहिणारा माणूस. रसायनशास्त्र शिकलो ते महाविद्यालयात नव्हे, तर जुने शेतकी अहवाल वाचता वाचता. ‘किती’ हा प्रश्न मला सोडवत नाही तो बहुधा या सवयीमुळेच. गेली काही वर्षे मी या एका आकड्यामागे आहे : पावसातून दर वर्षी खाली येणारा नत्र. हा आकडा काढण्याचा खटाटोप शेतासाठी सुरू झाला. शेताच्या दृष्टीने तो किरकोळ ठरला आणि बाजूला पडला. शंभरावर वर्षांनी तोच आकडा समुद्राच्या खात्यात मोठा ठरला. या लेखात सांगायची आहे ती त्या आकड्याची हकीकत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण तो वनस्पतींच्या उपयोगाचा नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की काही विशिष्ट जिवाणू सोडले तर कोणाला ते सोडवता येत नाहीत. पिकाला काय किंवा समुद्रातल्या शेवाळाला काय, नत्र लागतो तो अमोनिया किंवा नायट्रेट यांसारख्या संयुगांच्या रूपात. पुढे जिथे ‘पावसातला नत्र’ म्हटले आहे तिथे हा संयुगांतला नत्र समजावा.

गुरू-शिष्यांचा वाद

जर्मनीतल्या गीसन येथे युस्टुस लीबिग या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पावसाच्या पाण्याचे ७७ नमुने तपासले आणि १८२७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १७ नमुने गडगडाटी पावसाचे होते आणि त्या सगळ्यांत नायट्रिक आम्ल सापडले. उरलेल्या ६० पैकी फक्त दोनांत त्याचा अंश मिळाला. विजेचे आपले स्पष्टीकरण त्या काळापासून चालत आलेले आहे. पुढे १८४० मध्ये लीबिगचा शेतीच्या रसायनशास्त्रावरचा गाजलेला ग्रंथ आला. पिकाला लागणारा नत्र हवेतल्या अमोनियातून, मुख्यतः पावसावाटे मिळतो, असे त्याचे म्हणणे होते. लवकरच तो त्याच्याही पुढे गेला. शेतकऱ्याने जमिनीला खनिज क्षार द्यावेत, नत्राची काळजी आकाश घेईल, अशी त्याची भूमिका झाली. याच तत्त्वावर १८४५ मध्ये त्याने स्वतःचे खत बाजारात आणले. ते सपशेल अपयशी ठरले.

या मताला सर्वांत चिवट विरोध केला तो लंडनच्या उत्तरेला असलेल्या रोथॅमस्टेड येथील दोघांनी. एक जॉन बेनेट लॉझ, त्या जागेचा जमीनदार आणि खताचा कारखानदार. दुसरा जोसेफ हेन्री गिल्बर्ट, जो गीसनला लीबिगच्याच हाताखाली शिकून आला होता. १८४३ पासून ते ब्रॉडबॉक या शेतात गव्हाचे प्रयोग करीत होते. खनिज क्षार देऊनही नत्राशिवाय गहू वाढत नाही, हे त्यांना दिसत होते. पण ‘आकाशातून पुरेसा येतो’ या दाव्याला उत्तर द्यायचे तर आकाशातून किती येतो हे मोजणे भाग होते.

त्यासाठी १८५३ मध्ये त्यांनी एक मोठा पर्जन्यमापक बांधला. आतून शिसे लावलेल्या या लाकडी मापकाचे क्षेत्रफळ बरोबर एक हजारांश एकर, म्हणजे चार चौरस मीटरांहून किंचित जास्त होते. एक इंच पाऊस पडला की त्यात शंभराहून थोडे अधिक लिटर पाणी जमे. जमलेल्या पाण्यातला नत्र मोजायचा आणि हजाराने गुणायचे, की एकराचा आकडा तयार. आधी अमोनिया, मग नायट्रेटही मोजले जाऊ लागले. माणसे बदलली, मोजण्याच्या पद्धती सुधारल्या, मोजणी चालू राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक वर्षांची सरासरी हाती आली, ती वर्षाला एकरी सुमारे ४ पौंडांची. आजच्या भाषेत हेक्टरी साडेचार किलो. आपल्या शेतकऱ्याला समजेल असे सांगायचे तर हेक्टरी साधारण दहा किलो युरिया. कोणतेही खत न घातलेल्या पट्ट्यातला गहूसुद्धा जमिनीतून दर वर्षी एकरी सुमारे २० पौंड नत्र घेऊन जात होता. मागणी वीस आणि जमा चार! लीबिगचा दावा तिथेच संपला. पावसातला नत्र खरा, पण शेतीच्या हिशेबात तो किरकोळ, असा निकाल लागला. शेतीपुरता तो योग्यच होता.

हा प्रश्न हिंदुस्थानातही विचारला गेला. सरकारचे कृषी रसायनशास्त्रज्ञ जे. वॉल्टर लेदर यांनी डेहराडून आणि कानपूर येथील पाऊस व दव यांचे पृथक्करण केले. ते १९०६ मध्ये सरकारी शेतकी खात्याच्या रसायन मालिकेत छापले गेले. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून शेकडो मैल दूर. त्या काळी यात कोणाला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. पाऊस मोजायचा तो शेतासाठी, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

समुद्राची वही

त्याच सुमारास जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, कील येथे, कार्ल ब्रांट हा प्राणिशास्त्रज्ञ वेगळ्याच प्रश्नात गुंतला होता. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. समुद्रातले सगळे मासे अखेर त्यांच्यावर जगतात. मग या प्लवकांची वाढ कशाने अडते? १८९९ मध्ये ब्रांटने उत्तर मांडताना लीबिगच्याच नावाने प्रसिद्ध असलेला नियम वापरला : गरजेच्या मानाने जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच वाढीची मर्यादा ठरवते. समुद्रात हे स्थान बहुधा नत्राचे आहे, असे त्याचे मत होते. नद्या सतत नत्र आणून ओतत असूनही समुद्र त्याने तुडुंब भरत नाही, याचाही त्याने विचार केला. काही जिवाणू या संयुगांतला नत्र पुन्हा वायुरूपात हवेत सोडून देत असले पाहिजेत, असे त्याने सुचवले. तपशिलात त्याच्या मतांवर पुष्कळ टीका झाली, पण प्रश्न योग्य जागी ठेवला गेला.

म्हणजे १९०० च्या आसपास दोन वह्या तयार होत्या. रोथॅमस्टेडच्या वहीत पावसातून किती नत्र येतो हे होते. कीलच्या वहीत समुद्राला नत्राची चणचण आहे हे होते. पण दोन्ही शेजारी ठेवण्याची निकड कोणाला वाटली नाही. शेतीचे रसायनशास्त्रज्ञ शेतीची नियतकालिके वाचत, समुद्राचे अभ्यासक समुद्राची. शिवाय समुद्रही तेव्हा आपल्या जुन्या तोलात होता. पावसातला थोडासा नत्र येई, जिवाणू थोडासा परत सोडत, हिशेब जुळत असे.

हा तोल बिघडायला सुरुवात झाली ती कारखान्यात. फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची रीत शोधली, कार्ल बॉशने ती कारखान्यात आणली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. त्या रीतीमुळे जगाला धान्य मिळाले, हे विसरून चालणार नाही. पण शेतात टाकलेला सगळा नत्र पिकात जात नाही. त्यातला काही अमोनिया होऊन उडतो. जनावरांच्या शेणामुतातूनही तो उडतो. दुसरीकडे मोटारींची इंजिने आणि वीजकेंद्रांच्या भट्ट्या यांतल्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नत्र प्राणवायूशी जोडला जातो. म्हणजे आकाशात विजेने जे होते तेच इंजिनात होऊ लागले. आजचे अंदाज असे आहेत : जगभरच्या विजांमुळे वर्षाला सुमारे ५० लाख टन नत्र संयुगरूप होतो, इंधने जाळल्याने सुमारे ३ कोटी टन आणि हाबर-बॉश रीतीने सुमारे १२ कोटी टन. वळिवाच्या विजेचे स्पष्टीकरण अजूनही खरे आहे, पण या यादीत तिचा क्रमांक शेवटचा आहे.

रोथॅमस्टेडच्या नोंदींत हा बदल उतरलेला दिसतो. १८५५ मध्ये तिथल्या पावसातून अमोनियाचा आणि नायट्रेटचा मिळून हेक्टरी सुमारे ४ किलो नत्र येत होता. १९८० मध्ये तो सुमारे १८ किलोंवर गेला होता.

रकाना बदलला

समुद्राच्या बाजूनेही पुरावा जमत होता. अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर बदके पाळण्याचा मोठा धंदा होता आणि तिथल्या उथळ खाड्या शेवाळाने भरून जात. जॉन रायथर आणि विल्यम डन्स्टन यांनी त्या किनाऱ्यावरच्या पाण्यात स्फुरद घालून पाहिला, तर शेवाळ वाढले नाही. नत्र घातल्यावर मात्र जोमाने वाढले. त्यांचा लेख १९७१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. गोड्या पाण्याच्या तळ्यांत बहुधा स्फुरद कमी पडतो, किनारी समुद्रात नत्र कमी पडतो, हा फरक त्यानंतर ठळक झाला.

यातून समुद्राचे बिघडते ते असे. नत्र मिळाला की प्लवक भराभर वाढतात, मरतात, तळाशी जातात आणि कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकतात. डेन्मार्कमध्ये ऑक्टोबर १९८६ मध्ये गिललाय बंदराजवळच्या समुद्रातून गुदमरून मेलेले शेवंडासारखे जीव जाळ्यांत आले आणि दूरदर्शनवर देशाने ते पाहिले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने पाण्यात जाणारा नत्र निम्म्यावर आणण्याची योजना मंजूर केली. त्या वादात बोट मुख्यतः शेतातून झिरपणाऱ्या पाण्याकडे होते, आणि ते रास्तही होते. पण मग नद्यांनी आणलेला आणि आकाशातून आलेला नत्र असे वेगळे रकाने पाडून मोजायची वेळ आली.

तोवर पावसाची चर्चा चालू होती ती ‘आम्लपर्जन्य’ या नावाने. स्वीडनच्या स्वांते ओडेन यांनी १९६७ मध्ये हा विषय वृत्तपत्रातून मांडल्यापासून सगळ्यांचे लक्ष पावसाच्या आंबटपणाकडे, म्हणजे तळ्यांतल्या मेलेल्या माशांकडे आणि सुकणाऱ्या जंगलांकडे होते. समुद्राच्या पाण्याला आम्ल पचवण्याची मोठी शक्ती असते, तेव्हा आम्लपर्जन्याची त्याला काय तमा, असे मानले जाई. १९८५ मध्ये हान्स पेर्ल यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या समुद्रजलात तोच पाऊस मिसळून पाहिला. प्लवकांची वाढ झाली. १९८८ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड’ या संस्थेने चेसापीक उपसागराचा हिशेब मांडला. माणसामुळे तिथे येणाऱ्या नत्रापैकी सुमारे चौथा हिस्सा हवेतून येतो, असा तिचा निष्कर्ष होता. बाल्टिक समुद्रासाठीही आज चौथ्या ते तिसऱ्या हिश्शादरम्यानचे आकडे दिले जातात.

इथे मला हिशेबनिसाच्या नजरेने एक बेरीज करून पाहावीशी वाटते. १९८० च्या रोथॅमस्टेडचा पाऊस समुद्रावर पडला असे समजू. हेक्टरी १८ किलो म्हणजे चौरस मीटरला १.८ ग्रॅम नत्र. आल्फ्रेड रेडफील्डने १९३४ पासून मांडलेल्या प्रमाणानुसार प्लवक १ ग्रॅम नत्रावर सुमारे ५.७ ग्रॅम कार्बन बांधतात. म्हणजे इथे सुमारे १० ग्रॅम. तो सगळा तळाशी जाऊन कुजला तर सुमारे ३५ ग्रॅम प्राणवायू खर्च होईल. चार-पाच घनमीटर समुद्रजलात विरघळलेला असतो तेवढा हा प्राणवायू आहे. प्रत्यक्षात पुष्कळ प्लवक खाल्ले जातात, नत्र वरच्या वर फिरत राहतो, म्हणून ही केवळ कमाल मर्यादा झाली. तरीही प्रमाण ध्यानात येते. गव्हाच्या शेतात १८ किलो नत्र म्हणजे युरियाचे एक पोते सुद्धा नव्हे. उथळ समुद्राच्या तळाशी तेवढ्याने श्वास कोंडू शकतो.

किनाऱ्यालगत हा भार जास्त पडण्याची आणखी दोन कारणे आहेत. हवेतल्या नायट्रिक आम्लाची वाफ किनाऱ्यावर आली की तिथल्या खारट हवेतल्या मिठाच्या कणांना चिकटते. ते कण जड असल्यामुळे लवकर खाली बसतात. दुसरे म्हणजे नदीने आणलेला पुष्कळ नत्र खाडीतल्या गाळात, वनस्पतींत, जिवाणूंत मुरतो. पाऊस मात्र ही गाळणी ओलांडून थेट सूर्यप्रकाशातल्या वरच्या पाण्यात पडतो. शिवाय नदीला खोरे असते आणि खोऱ्याला सीमा असते. चेसापीकचे खोरे सुमारे १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरचे आहे. ज्या प्रदेशातली हवा तिथे नत्र आणते तो त्याच्या जवळजवळ नऊपट धरला जातो. नदी स्वच्छ करणाऱ्या कायद्याचा हात तिथवर पोचत नाही.

खुल्या महासागराचे चित्र मात्र वेगळे आहे, हेही सांगितले पाहिजे. रॉबर्ट ड्यूस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये दिलेल्या अंदाजानुसार हवेतून महासागरांत पडणारा संयुगरूप नत्र १८६० मध्ये वर्षाला सुमारे २ कोटी टन होता, तो २००० मध्ये सुमारे ६ कोटी ७० लाख टन झाला. खुल्या समुद्राला बाहेरून मिळणाऱ्या नत्राचा सुमारे तिसरा हिस्सा माणसाने हवेत सोडलेला आहे. पण त्यामुळे होणारी वाढ एकूण नव्या उत्पादनाच्या फार तर ३ टक्के. पसरट, खोल समुद्राला हे झेपते. धोका आहे तो उथळ, अर्धबंदिस्त, आधीच प्राणवायू कमी असलेल्या किनाऱ्यांना.

आपल्याकडचा समुद्र

असा एक किनारा आपला आहे. पावसाळ्यात कोकण-गोव्यापासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर खोलातले, प्राणवायू कमी असलेले पण नायट्रेटने भरलेले पाणी वर सरकते. वरून सह्याद्रीच्या पावसाचे गोडे पाणी त्यावर पातळ झाकणासारखे पसरते, आणि खालच्या पाण्याला हवा मिळेनाशी होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडले. सप्टेंबर-ऑक्टोबरात या उथळ पट्ट्यात प्राणवायू संपण्यापर्यंत पाळी येते आणि माणसाने वाढवलेला नत्र हे बळावण्यास कारण असू शकेल, असे त्यांनी सुचवले. इथे नीट समजून घ्यायला हवे की हा प्रकार मुळात निसर्गाचाच आहे. खोलातून येणाऱ्या नायट्रेटपुढे पावसातला नत्र लहान आहे. पण जो तळ दर वर्षी गुदमरण्याच्या काठावर येतो, तिथे लहान भरही कोणत्या बाजूने पडते हे पाहावे लागते.

बंगालच्या उपसागरात गोड्या पाण्याचा थर इतका भक्कम असतो की खालचे नायट्रेट वर यायला वाव कमी मिळतो. म्हणून तिथे हवेतून येणाऱ्या नत्राचे महत्त्व तुलनेने अधिक. आणि त्याच्या माथ्यावर गंगेचे मैदान आहे, जे उपग्रहांच्या नोंदींत अमोनियाचा जगातला सर्वांत दाट पट्टा म्हणून उमटते. हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. १९९९ मधल्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत आपल्या उपखंडावरचा धुरकट थर मालदीवपलीकडे समुद्रावर गेलेला मोजला गेला.

आता मोजमापाविषयी. भारतीय हवामानशास्त्र विभागाने जागतिक हवामान संघटनेच्या योजनेत १९७० च्या दशकापासून दहा ठिकाणी पावसाच्या पाण्याची तपासणी सुरू केली. त्यांत आपली पुणे आणि नागपूर आहेत. मिनिकॉय, पोर्ट ब्लेअर आणि विशाखापट्टण ही समुद्राची साक्ष देणारी केंद्रेही आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की आपल्याकडचा पाऊस बहुतेक ठिकाणी आंबट नसतो, कारण मातीची चुनखडीयुक्त धूळ आम्ल मारून टाकते. हा निष्कर्ष पक्का आहे. पण त्यातून सामान्य समज असा झाला की आम्लपर्जन्य ही युरोप-अमेरिकेची पीडा, आपल्याला तिची झळ नाही.

माझा आक्षेप या समजाला आहे. धूळ आम्लाचा आंबटपणा काढते, नत्र काढत नाही. नायट्रिक आम्ल चुन्याशी मिळाले की कॅल्शियम नायट्रेट होते आणि ते पाण्यात विरघळूनच खाली येते. अमोनिया तर मुळात आम्लाच्या विरुद्ध बाजूचा. तो जितका जास्त तितका पाऊस कमी आंबट. म्हणजे आंबटपणाच्या रकान्यात शून्य दिसत असताना नत्राच्या रकान्यात भर पडत राहू शकते. रोथॅमस्टेडला मोजायचे होते गव्हासाठी, म्हणून समुद्र दिसला नाही. युरोपला मोजायचे होते तळ्यांसाठी, म्हणून उपसागर उशिरा दिसले. आपण आंबटपणा पाहून वही मिटली, तर तीच गोष्ट तिसऱ्यांदा होईल.

युरोपात १९८० नंतर हा आकडा खाली आला, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे. १९९६ पर्यंत रोथॅमस्टेडच्या पावसातला नत्र निम्म्यावर, हेक्टरी सुमारे ९ किलोंवर उतरला होता. मोटारींच्या धुरावर निर्बंध, खत बेताने टाकणे, शेणखत उघड्यावर न पसरणे, असे कंटाळवाणे उपाय त्या काळात होत गेले. त्यांचा परिणाम दिसला तो शंभराहून अधिक वर्षे कोणी ना कोणी पावसाचे पाणी जमवून तपासत होते म्हणून. आपल्याकडे युरिया हेक्टरी किती टाकला याची चर्चा दर हंगामात होते. त्यातला किती उडाला आणि मिनिकॉयच्या किंवा विशाखापट्टणच्या पावसातून किती परत आला, हे त्या चर्चेशेजारी मांडले जायला हवे. त्यासाठी नवा शोध लागत नाही. पावसाचे पाणी जमवायचे, अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही मोजायचे, आणि आकडा मत्स्यव्यवसायाच्या व शेतीच्या दोन्ही कचेऱ्यांत पोचवायचा, एवढेच काम आहे. पर्जन्यमापक ठेवायला एक हजारांश एकर जागा पुरते.